समेटची जमीन

एकत्र यायचं, हे हिमपूर आणि गुहागर या दोन वसाहतींनी एका बैठकीत ठरवलं. राजधानी कुठे करायची, यावर मात्र मंगळावरचं अख्खं वर्ष गेलं, आणि मंगळावरचं वर्ष पृथ्वीवरच्या जवळजवळ दोन वर्षांएवढं असतं.

हिमपूर उत्तरेच्या सपाट मैदानावर होतं. तिथे मातीच्या पातळ थराखाली जाडजूड बर्फ पसरलं होतं, आणि दोन्ही वसाहतींचं पिण्याचं पाणी त्याच बर्फातून यायचं. गुहागर दक्षिणेला, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी, लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या प्रचंड बोगद्यांत वसलेलं होतं. पहिल्या तुकडीत कोकणातले तिघे होते. गुहेतच घर करायचं तर नाव शोधत कशाला बसा, म्हणून त्यांनी थट्टेत ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. अणुभट्टी गुहागरात होती. तिकडून वीज उत्तरेला जायची, इकडून पाणी दक्षिणेला. मधे तीनशे किलोमीटरचे नळ, तारा आणि लाल धूळ.

पृथ्वीवरून जहाजं येत होती तोवर दोघांना एकमेकांशी भांडणं परवडत होतं. पाण्याच्या वाट्यावरून आठ वर्षं दोन्हीकडची ये-जा बंद होती; नळ आणि तारा तेवढ्या चालू. मग जहाजं उशिरा येऊ लागली, मग लहान येऊ लागली, आणि शेवटी येईनाशी झाली. सुटे भाग संपत आले. तेव्हा कुठे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना कळलं की आता एकच भांडार, एकच शाळा, एकच दवाखाना ठेवला तरच निभाव लागेल.

पण पाण्याचे व्हॉल्व्ह आणि विजेची बटणं, दोन्हींचा ताबा राजधानीतल्या एका खोलीत राहणार होता. हिमपूरची माणसं म्हणाली, ती खोली गुहागरात गेली तर आमचा श्वास त्यांच्या मुठीत. गुहागरची माणसंही हिमपूरबद्दल शब्दशः हेच म्हणाली. राहता राहिला नळाच्या वाटेवरचा मधला सातवा पंप. तिथे एक पत्र्याचं ठाणं आणि आळीपाळीने कंटाळणारे चार तंत्रज्ञ, यापलीकडे काही नव्हतं. ती जागा कुणाचीच नव्हती, म्हणून सर्वांना चालणार होती.

सातव्या पंपावर दोन्हीकडचे प्रतिनिधी पहिल्यांदा जमले तेव्हा वैजयंती करमरकर हिमपूरच्या गटात होती. ती भूभौतिकतज्ज्ञ, वय एक्केचाळीस. कोणती जमीन शहर पेलेल, ते तपासून सांगणं हे तिचं काम. पण आदल्या आठवड्यापासून तिचं लक्ष कामात नव्हतं. गुहागरच्या गटाबरोबर त्यांची डॉक्टर येणार होती, आणि ती डॉक्टर म्हणजे वैजयंतीची धाकटी बहीण शलाका.

दोघी एकाच जहाजाने मंगळावर आल्या होत्या. शलाका लग्न करून दक्षिणेला गेली आणि लगेचच वाट बंद झाली. तिला मुलगी झाली ते वैजयंतीला बिनतारीवरून कळलं. तिचा नवरा वारला, तेही बिनतारीवरूनच.

एअरलॉक उघडलं. शलाकाने हेल्मेट काढलं. छत्तीसाव्या वर्षी तिचे निम्मे केस पांढरे झाले होते.

"ताई, जाड झालीस गं," ती म्हणाली.

"आणि तू वाळून काटकी झालीस."

एवढं बोलून दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. शलाकाच्या मागे सात वर्षांची मिहिका उभी होती.

"ही मावशी," शलाका डोळे पुसत म्हणाली. "रेडिओतली."

मिहिकाने पुढे होऊन मावशीचा गाल बोटाने दाबून पाहिला. "खरी आहे," ती म्हणाली.

वैजयंतीने हिमपूरच्या हरितगृहातले भाजलेले शेंगदाणे आणले होते. मिहिकाने शेंगदाणा कधी पाहिलाच नव्हता. गुहागरात पाणी मोजून मिळे. पिण्याला आणि दवाखान्याला पुरवून जे उरेल त्यावर फक्त शेवाळ आणि बटाटे वाढत. मुलीने एकेक दाणा दाढेखाली धरून इतका सावकाश खाल्ला की वैजयंतीला तिच्याकडे बघवेना.

"राजधानी इथेच होऊ दे, ताई," शलाका म्हणाली. "मी इथल्या दवाखान्यात येईन, तूही ये. एका गावात राहू. अजून काय पाहिजे आपल्याला?"

"होईल," वैजयंती म्हणाली. "जमीन बघते आणि सांगते."

जमीन बघायची तिची रीत नवी होती. नळाच्या बाजूने दोन्ही वसाहतींना जोडणारी काचतंतूंची केबल गेली होती, संदेशांसाठी. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच. केबलमधून प्रकाशाचा झोत सोडला की प्रत्येक दोषावरून त्याचा थोडासा अंश उलटा परततो. जमीन जराशी थरथरली, केबल केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी ताणली गेली, तरी परतणारा प्रकाश बदलतो. वैजयंतीने हा बदल वाचणारं यंत्र तयार केलं होतं. त्यामुळे तीनशे किलोमीटरच्या केबलचा वीत-वीत तुकडा म्हणजे जमिनीला लावलेला एक कान झाला होता. पंपांचे ठोके, दूरवर आदळणाऱ्या उल्का, मंगळाच्या पोटातले बारीक भूकंप, सगळं त्या कानांना ऐकू येई. कंपनं कठीण जमिनीतून झपाट्याने जातात, मऊ जमिनीतून रेंगाळतात. ती कुठे रेंगाळतात ते पाहिलं की खाली काय आहे ते खोदल्याशिवाय कळतं.

हिमपूरचं बर्फ खोलवर घट्ट होतं. गुहागरचा खडक तर पोलादासारखा. सातव्या पंपाखाली मात्र कंपनं रेंगाळत होती.

वैजयंतीने जुनी मोजमापं काढून ताडून पाहिली. पंप बसवला तेव्हा तिथली जमीन बाकीच्या मैदानासारखीच कठीण होती; ती नंतर मऊ होत गेली होती. कारण शोधायला तिला फार वेळ लागला नाही. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार असतात. मिठाने बर्फ वितळतं हे पृथ्वीवर ज्यांनी हिवाळ्यातले रस्ते पाहिलेत त्यांना माहीत असतं, पण हे क्षार मिठाच्या वरताण. त्यांच्यात मिसळलेलं बर्फ शून्याखाली तीस-पस्तीस अंशांवरच पाणी होऊन बसतं. मधल्या मैदानात मातीखाली अशा खारट बर्फाचा जाड थर होता. मुळात तिथलं तापमान उणे साठ, म्हणून तो युगानुयुगं दगडासारखा पडून होता. चार माणसांचं एक ठाणं आणि एक पंप, एवढ्याच्या उबेने त्याचा चिखल व्हायला लागला होता.

आणि इथे शहर बांधायचं होतं. शहर म्हणजे माणसांची, चुलींची, यंत्रांची रात्रंदिवस झिरपणारी ऊब.

हिमपूरचे प्रमुख यशोधन घाटपांडे मुळात शिक्षक. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वैजयंतीबाई, चूक असण्याची शक्यता किती?"

"नाहीच म्हणा."

"मग माझं ऐका. हे आत्ता बोलू नका. आधी सह्या होऊ देत. माणसं एकत्र राहायला लागली, एकमेकांच्या घरी जेवली, की मग सांगू. तेव्हा जागा बदलणं सोपं जाईल."

"सर, एकदा पाया घातल्यावर जागा कोण बदलतं?"

घाटपांड्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही वर्गात असं शिकवलं असतं का?" तिने विचारलं.

"वर्गात माझ्यावर तीन हजार माणसांचं पाणी अवलंबून नव्हतं," ते म्हणाले. पण त्यांनी तिला अडवलं नाही.

संयुक्त सभेत वैजयंतीने सगळं सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं, नेमके प्रश्न विचारले, आणि तिच्यावर विश्वासही ठेवला. अडचण तिथेच झाली. गुहागरच्या प्रमुख फिलोमिना लोपीस उठल्या. वसईकडच्या ठसक्यात, एकही शब्द न चावता बोलणारी बाई.

"जमीन खराब, मानलं. मग चांगली कुठली, ते पण बाईंनीच सांगितलं. आमचा खडक. तर मग राजधानी गुहागरला. विज्ञानच म्हणतंय."

हिमपूरच्या बाकांवरून एकच गलका झाला. कुणीतरी ओरडलं की गुहागरचा पैसा खाऊन हे सगळं रचलंय. गुहागरकडून उत्तर आलं, की बाई तुमची, यंत्र तुमचं, आणि आम्हीच रचलं? कुणी वैजयंती आणि शलाका बहिणी असल्याची आठवण करून दिली. संध्याकाळ व्हायच्या आत दोन्ही गट आपापल्या गाड्यांत बसले होते. शलाका मिहिकाचा हात धरून दक्षिणेच्या गाडीत चढली. निरोप घ्यायलाही सवड मिळाली नाही.

त्यानंतर आधी पाणी बंद झालं की वीज, याचं उत्तर पुढे दोन्हीकडच्या घरांत वेगवेगळं सांगितलं गेलं. झालं एवढं खरं. हिमपूरची हरितगृहं गोठली, शेंगदाण्याचं पीक काळं पडलं, आणि उबेच्या एका खोलीत तीस-तीस माणसं झोपू लागली. गुहागरात पाण्याचं रेशन निम्म्यावर आलं.

एका दुपारी बिनतारीवर शलाकाचा आवाज आला.

"ताई, माझ्याकडे डायलिसिसवर नऊ माणसं होती. इथल्या धुळीने मूत्रपिंडं जातात, तुला माहितीये. माझा नवराही त्यातच गेला. एका वेळेला किती पाणी लागतं ते सांगत बसत नाही. चार जण गेले."

वैजयंती म्हणाली, "शलाका, मी खोटं बोलले नाही गं."

"मी कुठे म्हणतेय खोटं बोललीस? तू खरंच बोललीस. मी तुला फक्त विचारतेय. ती जमीन कधी खचेल?"

"तसंच बांधलं तर दहा-बारा वर्षांत."

"आणि काळजी घेतली तर?"

"खोल खांब घालायचे, घरं जमिनीपासून उचलून वर बांधायची, खाली थंड वायू खेळवायचा. माणसं आठशेच्या वर जाऊ द्यायची नाहीत. मग तीसेक वर्षं निघतील."

"तीस वर्षं!" शलाका हसली. "ताई, माझ्या उरलेल्या पाच जणांकडे एक महिना नाही. मिहिकाच्या ओठांना भेगा पडल्यात. तू मला तीस वर्षांचा हिशेब सांगतेस?"

"तीस वर्षांनी काय?"

"तीस वर्षांनी तेव्हाची माणसं बघतील. आत्ता कुणीतरी उठून म्हणायला हवं की होईल. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत."

सभा पुन्हा भरली. यावेळी सगळे अंगाने उतरलेले होते, आणि कुणाच्याही आवाजात गुर्मी उरलेली नव्हती. वैजयंती उभी राहिली आणि तिने खांबांबद्दल, थंड वायूबद्दल, आठशे माणसांच्या मर्यादेबद्दल सांगितलं. लोपीसबाईंनी विचारलं, "हे सगळं केलं तर शहर किती टिकेल?"

"नियम पाळले तर तीस वर्षं."

सभागृहात सुस्कारा सुटला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. नियम पाळले नाहीत तर, हा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून वैजयंती थोडा वेळ उभीच राहिली. कुणी विचारला नाही. मग ती खाली बसली.

राजधानीचं नाव ठेवलं समेट.

पहिली वर्षं सुखाची होती, हे सांगायला हवं. नळ वाहू लागले. समेटच्या घुमटाला पारदर्शक छत होतं; गुहागरच्या बोगद्यांत वाढलेली मुलं पहिल्यांदाच सूर्य बघत तासन् तास उताणी पडून राहत. दोन्ही बहिणींना शेजारशेजारच्या खोल्या मिळाल्या. शलाकाच्या दवाखान्यात पाण्याची ददात नव्हती. सकाळी वैजयंती यंत्रासमोर बसे, संध्याकाळी दोघी मिळून भाकरी थापत, आणि मिहिका दोन घरांच्या मधल्या भिंतीला दार पाडा म्हणून हट्ट करी. शेवटी घाटपांड्यांनी स्वतः येऊन ते दार पाडून दिलं.

राजधानीच इतकी चांगली म्हटल्यावर बाहेर कोण राहणार? एकच शाळा, एकच दवाखाना, तोही इथे. तिसऱ्या वर्षी आठशेची मर्यादा बाराशे झाली. वैजयंतीने सभेत विरोध केला. सभेने तिचे आभार मानले. पुढे बाराशेचे दोन हजार झाले, मग मर्यादेचा विषयच कुणी काढेना. घरं वाढवायची तर सामान लागणार, आणि पृथ्वीवरून तर खिळाही येत नव्हता. तेव्हा हिमपूरचे रिकामे घुमट उतरवून त्यांचे पत्रे आणले. गुहागरच्या बोगद्यांतले हवेचे पंप काढून आणले. जुन्या गावांत बर्फ खणणारे आणि भट्टी सांभाळणारे तेवढे उरले.

"लोपीसबाई, निदान तिकडची घरं मोडू नका," वैजयंती एकदा त्यांना घरी जाऊन म्हणाली. बाई आता थकल्या होत्या. "परत जायची वेळ आली तर जागा पाहिजे."

"परत जायला घर ठेवलं ना वैजयंती, की माणसं दर भांडणाला परत जातात," लोपीसबाई म्हणाल्या. "मी ते एकदा बघितलंय. मला पुन्हा नाही बघायचं." त्यांच्या बोलण्यातही खोट नव्हती.

जमीन दर वर्षी थोडी मऊ होत होती. थंड वायूचे पंप एकामागून एक बिघडले, आणि त्यांचे भाग दवाखान्याला दिले गेले, कारण दवाखान्याला नाही कसं म्हणायचं? तो निर्णय सभेने घेतला तेव्हा शलाकाने हात वर केला होता. वैजयंतीनेही केला.

मिहिका मोठी झाली. तिने हिमपुरात जन्मलेल्या निनाद सोहोनीशी लग्न केलं. उत्तर-दक्षिणेतलं ते काही पहिलं लग्न नव्हतं, तोवर समेटमध्ये अशी घरोघरी लग्नं झाली होती, आणि हिमपूरचा कोण, गुहागरचा कोण हे मुलांना सांगूनही कळत नसे. त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ओजस्वी ठेवलं. त्याच महिन्यात पश्चिमेच्या घुमटाचे खांब एका बाजूला कलले.

आधी दारं लागेनाशी झाली. मग एका सकाळी शाळेच्या भिंतीत भेग गेली आणि हवेचा दाब घसरू लागला. मुलांना बाहेर काढता आलं, पण पश्चिमेचा अर्धा भाग कायमचा बंद करावा लागला. वैजयंतीने सभेपुढे नकाशा ठेवला. खारं पाणी खोलगट भागाकडे वाहून गेलं होतं आणि त्याच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. आता सगळं गोठवलं असतं तरी त्या भरून येणार नव्हत्या.

"किती वेळ आहे?" नव्या अध्यक्षाने विचारलं. तो समेटमध्येच शिकलेला, तिशीचा मुलगा होता.

"पूर्वेला दोन वर्षं असतील. मध्यभागी तेवढीही नाहीत."

"आणि जायचं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हिमपुरात आता हजार माणसांपुरते घुमट उभे होते. गुहागरचे पंप काढून आणलेले. तिथली हवा बाराशे जणांना पुरली असती. समेटमध्ये चार हजार माणसं होती.

त्यानंतरच्या सभा वैजयंतीने पाहिल्या, पण त्यांबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही. सतरा वर्षांपूर्वीची माणसं निदान दोन बाजूंना बसून भांडत होती. आता तर घराघरात बाजू पडल्या. हिमपूरच्या बर्फावर राहणाऱ्यांनी निरोप पाठवला की आमच्या मातीत जन्मलेल्यांना घेऊ, बाकीच्यांचं तुम्ही बघा. गुहागरचा निरोपही निराळा नव्हता. शेवटी ठरलं ते असं: ज्याने त्याने आपल्या जन्माच्या गावी जायचं, पृथ्वीवरून आलेल्यांनी आधी राहत होते त्या गावी, समेटमध्ये जन्मलेली लहान मुलं आईबरोबर जातील, आणि पन्नाशीच्या पुढच्यांना जागा नाही. जे मागे राहतील त्यांनी पूर्वेच्या भागात राहायचं. नळ आणि तारा चालू ठेवू, असं दोन्ही गावांनी कबूल केलं. कुठवर, ते कुणी सांगितलं नाही.

वैजयंती अठ्ठावन्न वर्षांची होती, शलाका त्रेपन्न. लोपीसबाई त्याआधीच वारल्या होत्या. घाटपांडे सरांना सगळी बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, मला सामान आवरायला नको."

मिहिका आईला सोडून जायला तयार नव्हती. "मी नाही जाणार. निनाद तिकडे, मी इकडे, असं कसं जगायचं? त्यापेक्षा आपण सगळे इथेच राहू."

"आणि ओजस्वी?" शलाकाने विचारलं.

मिहिकाने पोरीचं पांघरूण सारखं केलं.

"मावशीला विचार," शलाका म्हणाली. "ती खोटं सांगणार नाही."

मिहिकाने वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीला वाटलं, काहीतरी सांगावं; नवे खांब घालू, चार-सहा वर्षांनी वाट उघडेल, असं काहीही. "इथे राहिली तर ती मोठी होणार नाही," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच एअरलॉकपाशी उभ्या होत्या. निनादने पोरीला छातीशी धरलं होतं. उत्तरेच्या गाडीचा भोंगा वाजला, पुन्हा वाजला, तरी तो तिला सोडीना. शेवटी मिहिकानेच तिची बोटं त्याच्या कॉलरमधून एकेक करून सोडवली. निनाद गाडीत चढला तेव्हा पाठमोराच होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि त्याबद्दल कुणीही त्याला दोष दिला नाही.

मिहिका आईच्या आणि मावशीच्या पाया पडली. उठताना ती म्हणाली, "आई, दोघी एकाच खोलीत झोपत जा. ऊब राहील."

"जा आता," शलाका म्हणाली. "पोरीचा मुखवटा घट्ट बसव."

गाड्या गेल्या. मागे राहिलेल्यांनी पूर्वेच्या भागात बस्तान बसवलं. शलाका दवाखाना चालवत राहिली. औषधं थोडी होती, म्हणून बरेचदा रोग्याच्या उशाशी नुसती बसून राहायची. वैजयंती रोज यंत्रावरचे आकडे बघायची, आणि कोणत्या खोल्या रिकाम्या करायच्या ते लोकांना सांगायची. लोक मुकाट्याने अंथरुणं उचलून पुढच्या खोलीत जायचे.

काही दिवसांनी दक्षिणेकडून बिनतारीवर मिहिकाचा आवाज आला. ती पोचली होती. एका बोगद्यात चाळीस जण होते, हवा जड होती, पण होती.

"मावशी, निनादचं काही कळलं?"

"हिमपूर आमच्याशी बोलत नाही गं. पाणी येतंय, म्हणजे तिकडे सगळं ठीक असणार."

"आम्ही परत कधी येऊ?"

वैजयंतीने माइक तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. शलाकाने तिच्या हातातून तो काढून घेतला.

"मिहिका, पोरगी दूध पितेय का?"

"पितेय. पण रात्री फार रडते."

"पोटात वारा धरत असेल. पाजून झालं की खांद्यावर घेऊन पाठ चोळ. लगेच आडवी करू नकोस."

"बरं."

"आणि तू जेवत जा. तुझं पोट भरलं तरच तिचं भरेल."

"हो आई."

शलाका मग बराच वेळ सांगत राहिली. बाळाच्या डोक्याला काय लावायचं, दात येताना काय करायचं, ताप आला तर किती थांबायचं. पलीकडून हुंकार येत होते. खरखर वाढत गेली, तरी ती बोलतच होती, आणि पलीकडचं काही ऐकू येईनासं झालं तेव्हाही वैजयंतीने तिला थांबवलं नाही.

त्या आठवड्यात धुळीच्या वादळांचा मोसम सुरू झाला आणि गुहागरची बिनतारी बंद पडली. पुढच्या महिन्यात नळाचं पाणी आटलं.